गदा उचलण्याआधी
(तालमीतल्या मुलींसाठी लिहिलेल्या कुस्तीच्या इतिहासाची प्रस्तावना)

कुस्ती मारून आलेल्या मुलीसमोर माईक धरला की विचारणाऱ्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात. घरून पाठिंबा कुणाचा, हा पहिला. मुली या खेळात कधीपासून आल्या, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मुलगी भरभरून देते. दुसऱ्याला अडखळते आणि बहुतेक वेळा ‘दंगल’ सिनेमाचं नाव घेते, म्हणजे २०१६ साल. थोडी जास्त माहिती असलेली मुलगी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतल्या गीता फोगटच्या सुवर्णपदकापर्यंत मागं जाते. विचारणारा समाधानानं निघून जातो, दुसऱ्या दिवशी तेच छापून येतं. साठ-सत्तर वर्षांचा इतिहास अशा एका उत्तरात पुसला जातो, आणि पुसणारी असते त्याच इतिहासाची वारस. यात त्या मुलीचा काहीच दोष नाही. तिला तो कुणी सांगितलेलाच नसतो.

ही पुस्तिका त्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहिली आहे. फैजपूर, यावल, रावेर, भुसावळ, चोपडा या आमच्या पट्ट्यात ज्या मुली आज लंगडी-खो-खो सोडून कुस्तीकडे वळल्या आहेत, त्यांच्या पिशवीत ती असावी. खान्देशात कुस्तीला तोटा नाही. यात्रा आली की दुपारपासून हलगी वाजायला लागते, आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात आणि दिवस कलताना शेवटची मानाची कुस्ती होते. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली, तेव्हापासून तर गावोगावच्या पोरांना आपणही पुण्या-कोल्हापूरच्या मल्लाला चीत करू शकतो असा धीर आला.

तालमीतल्या मुलाला हा इतिहास वेगळा शिकावा लागत नाही. अंगाला माती चोळता चोळता तो त्याच्या कानावर पडत राहतो. आपला वस्ताद कुणाचा पठ्ठ्या, त्या वस्तादाचा वस्ताद कोण, कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कोण कुणाशी लढलं, गामा पैलवानानं लंडनला जाऊन काय केलं, शाहू महाराजांनी पैलवानांना कसं सांभाळलं, हे सगळं जोर-बैठकांच्या मधल्या वेळात त्याला मिळतं. यातलं थोडं खरं, थोडं वाढवलेलं असतं. पण आपण एका लांबलचक ओळीत उभे आहोत ही जाणीव त्याच्यात मुरते. हरला तरी तो त्या ओळीतला राहतो. मुलीचं तसं होत नाही. ती बहुतेक वेळा येते थेट मॅटवर. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुण, वजनगट, पासिव्हिटीचा इशारा, हे सारं ती चटकन शिकते आणि चांगलं शिकते. तिच्या मागं मात्र कुणी उभं केलेलं नसतं. पुराणपुरुषांपासून खाशाबा जाधवांपर्यंत सगळी नावं पुरुषांची, म्हणून तिला वाटतं की आपण पाहुण्या आहोत आणि यजमानांनी मोठ्या मनानं दार उघडलं. हे वाटणं चुकीचं आहे, आणि घातकही आहे. पाहुणा हक्क मागत नाही.

म्हणून या पुस्तिकेत सर्वांत जास्त पानं हमीदा बानू यांना दिली आहेत. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या या बाईंनी अलीगढमध्ये सलाम पैलवानांकडे कुस्तीचे धडे घेतले आणि १९४० आणि ५० च्या दशकांत देशभर पुरुषांशी कुस्त्या लढवल्या. १९४४ साली मुंबईत गुंगा पैलवानाशी त्यांची कुस्ती जाहीर झाली तेव्हा वीसेक हजारांची गर्दी जमली होती. ऐनवेळी तो मागं हटला आणि लोक खवळले. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की जो मला हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. पतियाळा आणि कलकत्त्याचे पैलवान हरले. मे महिन्यात बडोद्याला बाबा पैलवान समोर आले. कुस्ती एक मिनिट चौतीस सेकंद चालली. त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या वेरा चिस्तिलिनला त्यांनी एका मिनिटाच्या आत पाडलं.

हे वाचून अभिमान वाटेल, वाटावाच. पण माझा आग्रह असा की मुलींनी यापुढचा भाग जास्त लक्ष देऊन वाचावा, कारण तो आपल्या महाराष्ट्रात घडला आहे. कुस्तीचं माहेर म्हणवणाऱ्या कोल्हापुरात हमीदा बानूंनी एका पुरुष पैलवानाला हरवलं, आणि प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली, दगड फेकले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली त्यांची कुस्ती राष्ट्रीय तालीम संघाच्या विरोधामुळे रद्द झाली. तेव्हाचे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे त्यांनी दाद मागितली. उत्तर आलं की बंदी बाई म्हणून घातलेली नाही. आयोजक त्यांच्यासमोर खोटे, ठरवून हरणारे प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारी आहेत, म्हणून घातली आहे. पुढं युरोपला जाऊन लढण्याचा त्यांचा बेत होता. तो पार पडला नाही. त्यांच्या नातवानं नंतर सांगितलं की त्या जाऊ नयेत म्हणून सलाम पैलवानांनी त्यांना मारहाण केली, हात मोडले. आयुष्याची उरलेली वर्षं त्यांनी कल्याणला काढली. दूध विकलं, घरी केलेला फराळ रस्त्याकडेला विकला. ४ मे २०२४ रोजी गुगलनं आपल्या पानावर त्यांचं चित्र लावलं तेव्हा लाखो लोकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवते. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं गदा जिंकली. अंतिम फेरीत तिच्यासमोर होती वैष्णवी पाटील, कल्याणची. ज्या गावात हमीदा बानू दूध विकत म्हाताऱ्या झाल्या त्याच गावची मुलगी महाराष्ट्राच्या पहिल्या महिला केसरीच्या अंतिम कुस्तीत उतरली, आणि त्या दिवसाच्या बातम्यांत हे कुठं आलेलं मला आढळलं नाही. आलं असतं तर त्या कुस्तीचं वजन वेगळं झालं असतं. दोघींपैकी कुणीही जिंकली असती तरी.

पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली. महिलांची २०२३ मध्ये. मधल्या बासष्ट वर्षांत मुली नव्हत्या का? होत्या. महिला कुस्तीची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ साली नॉर्वेत झाली, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये महिला कुस्ती आली, दिल्लीत मास्टर चंदगीराम यांनी स्वतःच्या मुलींना आखाड्यात उतरवलं आणि त्यासाठी पुष्कळ बोलणी खाल्ली. महाराष्ट्रातल्या मुली राष्ट्रीय पदकं आणत होत्या. राज्याच्या सर्वांत मोठ्या गदेला मात्र त्यांच्यासाठी दांडा बसवायला इतकी वर्षं लागली. सांगलीनंतर कोल्हापूरची अमृता पुजारी, श्रीगोंद्याची भाग्यश्री फंड यांनीही हा किताब घेतला. ही यादी अजून एका हाताच्या बोटांवर मावते, आणि म्हणूनच यादीतल्या प्रत्येकीवर खेळाच्या वतीनं बोलण्याची जबाबदारी फार मोठी आहे. पुरुष केसरींना ती कितीतरी जणांत वाटून घेता येते.

जगात दुसरीकडंही असंच घडलं आहे, आणि त्यातलं एक उदाहरण मला इतकं जवळचं वाटतं की ते पुस्तिकेत मुद्दाम घातलं. अमेरिकेत रोडिओ नावाचा खेळ आहे: उधळणाऱ्या घोड्यावर टिकून बसणं, वासराला फास टाकणं, गुराख्यांच्या रोजच्या कामातून आलेली कौशल्यं. बहुतेक मोठ्या रोडिओंची एक राणी निवडली जाते. मुकुट लावलेली टोपी घालून ती वर्षभर त्या खेळाची प्रतिनिधी म्हणून हिंडते. घोडेस्वारी तर तिला आलीच पाहिजे, शिवाय खेळाच्या माहितीची परीक्षाही द्यावी लागते. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, तिथं बाईचं काम पहिल्यापासून एवढंच: सजून घोड्यावर बसायचं आणि हात हलवायचा. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत तिथल्या बायका त्याच उधळत्या घोड्यांवर बसत होत्या, बक्षिसं घेत होत्या. सप्टेंबर १९२९ मध्ये ओरेगॉनमधल्या पेंडलटनच्या मैदानात बॉनी मॅक्कॅरोल ही नामवंत स्वार घोड्यावरून पडली आणि काही दिवसांनी दगावली. पुरुषही पडत होते, मरत होते. त्यांचा खेळ चालूच राहिला. बायकांसाठी तो आधी पेंडलटनला आणि मग एकेका मैदानात बंद होत गेला. राणीचा मुकुट तेवढा उरला. १९४८ साली टेक्सासमध्ये अडतीस जणींनी एकत्र येऊन स्वतःची संघटना काढली, तेव्हा कुठं पुन्हा स्पर्धा म्हणून मैदान मिळू लागलं. हे ज्या राणीला माहीत आहे ती मुकुट घालून वेगळं बोलेल. माहीत नसलेली राणी मुकुट हीच आपली सगळी मिळकत समजेल.

हमीदा बानूंच्या आणि रोडिओच्या, दोन्ही गोष्टींतून मला एकच दिसतं. बायकांच्या खेळाचा इतिहास पायरी-पायरीनं वर चढत आलेला नाही. मैदान मिळालं, काढून घेतलं गेलं, पुन्हा मिळवावं लागलं. काढून घेताना दर वेळी कारण सभ्य होतं: तुमच्या जिवाची काळजी, किंवा खोट्या कुस्त्यांच्या तक्रारी. जिला हे ठाऊक नाही तिला आजचं मैदान कायमचं वाटतं, आणि उद्या कुणी तितकंच सभ्य कारण घेऊन आलं तर ती मान डोलावून बाजूला होईल.

तालमीबद्दलही थोडं मोकळेपणानं बोलायला हवं. हौद्याशेजारी मारुतीराया असतो, तिथं ब्रह्मचर्याची शिस्त असते, म्हणून बाईनं तालमीत पाऊल ठेवू नये, असं मानणारी माणसं आमच्याकडं आजही आहेत आणि त्यांतली पुष्कळ मनानं चांगली आहेत. त्यांच्या श्रद्धेशी मला भांडायचं नाही. परंपरेचं नाव घेणाऱ्यांना परंपरेतलीच एक आठवण मात्र करून द्यावीशी वाटते. मल्लखांबाचे आद्य गुरू बाळंभट्टदादा देवधर यांनी निजामाकडच्या पैलवानांचं आव्हान स्वीकारलं, पण त्याआधी ते शक्ती मागायला गेले ते वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर, अशी कथा मल्लविद्येच्या परंपरेत सांगितली जाते. खान्देशातल्या कितीतरी घरांची ही कुलदेवता. चैत्रात आमच्या भागातून पायी निघालेल्या दिंड्या तिच्याच गडाकडं जातात. पैलवानाला बळ देणारी देवी चालते, तर तिच्या लेकींना माती का चालू नये, असं एखाद्या मुलीनं वस्तादांना आदरानं विचारावं. मी पाहिलेल्या बहुतेक वस्तादांना हा प्रश्न रुचेल. न रुचणाऱ्यांनाही तो ऐकून घ्यावा लागेल.

इतिहास म्हटलं की आपल्या लोकांना तो लांब कुठंतरी, किल्ल्यावर घडलेला वाटतो. फैजपूरकरांना तरी असं वाटू नये. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन इथं भरलं. धनाजी नाना चौधरींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांबूंचं टिळकनगर उभं केलं, नंदलाल बोस यांनी ते सजवलं, साने गुरुजी खान्देशभर त्यासाठी राबले, आणि अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक बैलजोड्यांनी ओढलेल्या रथातून निघाली. मुंबईत जिथं काँग्रेसचा जन्म झाला तिथून पेटवलेली ज्योत धावपटूंनी हातोहात इथवर आणली. त्याच वर्षी बर्लिन ऑलिंपिकसाठी ज्योत पहिल्यांदा अशी धावत नेली होती, आणि त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी देशी खेळ करून दाखवले होते. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांच्या संपादनाखाली बडोद्याहून निघालेला ‘व्यायामज्ञानकोश’ही त्याच सुमाराला आकार घेत होता. शरीर कमावणं आणि देश कमावणं या दोन गोष्टी त्या पिढीला वेगळ्या वाटत नव्हत्या. गावात मात्र आज काय उरलं आहे? रथ आणि नेहरू. ज्योत घेऊन धावणाऱ्यांची नावं विचारा, बहुतेकांना एकही सांगता येणार नाही. त्या आठवणीत बायका किती आहेत, हेही ज्यानं त्यानं आपल्या घरातल्या जुन्या माणसाला विचारून पाहावं. मोठं नाव आपोआप टिकतं. बाकीचं लिहून ठेवलं तरच राहतं.

खाशाबा जाधवांचंही असंच झालं होतं. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. पोलिसात नोकरी करून, अपघातात १९८४ साली ते गेले आणि अर्जुन पुरस्कार आला तो त्यांच्या मृत्यूनंतर. आज त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो, ही आनंदाची गोष्ट. पुरुषाला, तेही ऑलिंपिक पदक घेऊन आलेल्याला, आठवणीत यायला इतका वेळ लागतो, तर गावच्या दंगलीत पहिल्यांदा उतरलेल्या मुलीचं काय होईल याचा अंदाज करावा.

आणि २०२३ विसरून चालणार नाही. जानेवारीत देशातले आघाडीचे मल्ल जंतरमंतरवर बसले. भारतीय कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर महिला मल्लांच्या लैंगिक छळाचे आरोप होते. एप्रिलमध्ये ते पुन्हा बसले, २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून उचललं. सांगलीची पहिली महिला केसरी याच दोन धरण्यांच्या मधल्या काळात झाली. ऑगस्टमध्ये, निवडणुका वेळेत न घेतल्यामुळे, जागतिक संघटनेनं भारतीय महासंघाला निलंबित केलं. २१ डिसेंबरला रिओ ऑलिंपिकची कांस्यपदक विजेती साक्षी मलिक हिनं पत्रकारांसमोर टेबलावर आपले बूट ठेवले आणि कुस्ती सोडली. ज्या वर्षी महाराष्ट्रानं मुलींच्या हाती गदा दिली त्याच वर्षी देशाच्या सर्वांत मोठ्या महिला मल्लानं बूट काढले, हे दोन्ही एका पानावर लिहिलं पाहिजे. यातलं पहिलं सांगायला सोपं आहे, म्हणून मुलींना तेवढंच सांगितलं जातं. मला वाटतं, अठरा वर्षांच्या मुलीला दुसरंही सांगावं. घाबरवण्यासाठी नव्हे. शिबिरात, प्रवासात, वजनाच्या खोलीत काय चालवून घ्यायचं नाही आणि तक्रार कुणाकडं करायची, हे तिला माहीत हवं. आणि आपल्याआधी मोठ्या मोठ्या मुलींनी ती तक्रार उघडपणे केली आहे, हेही.

कुणी म्हणेल, मुलींनी सराव करावा, वाचत काय बसायचं? पैलवानाचा दिवस पहाटे सुरू होतो आणि त्यात फुरसत नसते, हे मला ठाऊक आहे. पण डावांचासुद्धा इतिहासच असतो. मातीत कुस्ती निकाली असायची. पाठ टेकल्याशिवाय हार नाही, म्हणून तास-तास झुंजायचा दम आणि एका ढाकेची, एका कलाजंगाची वाट पाहायची सबुरी लागायची. मॅटवर घड्याळ आहे आणि प्रत्येक गुण मोजला जातो, म्हणून पहिल्या सेकंदापासून पायावर झडप. मातीत शिकून मॅटवर आलेल्या मुलीला आपल्याला झडप घालायला उशीर का होतो हे समजलं, तर तिला आपल्या अंगातली कुठली सवय सोडायची आणि कुठली जपायची हे नीट ठरवता येईल.

शेवटी एक काम सांगते, आणि ते वाचण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. हमीदा बानू म्हणत, मी तीनशे वीस कुस्त्या जिंकल्या आहेत. विरोधक म्हणत, त्यातल्या कितीतरी ठरवून केलेल्या. आज सत्तर वर्षांनी कोण खरं होतं हे ठरवायला आपल्या हाती त्या कुस्त्यांची यादी नाही. काही वर्तमानपत्री बातम्या आहेत, काही छायाचित्रं आहेत, बाकी सगळं तोंडी. त्यांच्यावरचा आळ पुसायला पुरावा नाही आणि सिद्ध करायलाही नाही, म्हणून तो नुसता चिकटून राहिला. तुमच्या बाबतीत हे होऊ देऊ नका. यात्रेच्या दंगलीचं पत्रक भिंतीवरून फाटण्याआधी एक काढून घ्या आणि वहीत चिकटवा. प्रत्येक कुस्तीची तारीख, गाव, आपलं आणि समोरचीचं वजन, माती की मॅट, किती मिनिटं चालली, कुठल्या डावावर निकाल लागला, पंच कोण, इनाम किती जाहीर झालं आणि हातात किती पडलं, हे त्याच रात्री लिहा. तुम्ही हरलात तर तेही तितक्याच स्पष्ट अक्षरात लिहा. जिंकलात तर समोरच्या मुलीचं पूर्ण नाव आणि तिच्या गावाचं नाव तिला विचारून घ्या, कारण पत्रकावर ते बहुतेक वेळा चुकीचं छापलेलं असतं.